जाड तेल

नणंदेच्या कळा उजाडता उजाडता सुरू झाल्या. तिचा नवरा परगावी, वहिनीचा नवराही परगावीच. घरात वहिनी आणि दीर, एवढेच. रुग्णवाहिकेच्या फोनवर कुणी बाई म्हणाली की रस्त्यांवर बर्फ आहे, गाडी कधी पोचेल सांगता येत नाही, तुमच्याकडे वाहन असेल तर निघाच.

वाहन होतं. वहिनी शाळेची व्हॅन चालवायची. पण किल्ली हातात घेताच तिला इंजिनातलं तेल आठवलं.

थंडीच्या तोंडावर गॅरेजवाल्यानं तिला बजावलं होतं, फाइव्ह डब्ल्यू थर्टी तेल घाला, डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं तेल गारठ्यात पातळ राहतं. दिरानं मात्र जुन्या इंजिनाला जाडच मानवतं असा हेका धरला. उन्हाळ्यातला ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टीचा डबा पडून होता. घरात तोंडातोंडी नको म्हणून वहिनीनं तोच ओतला होता.

आता तिनं किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं, कसंबसं पेटलं आणि आतून खडखडू लागलं. तेलाचा लाल दिवा लागला तो विझेचना. तिनं झटकन इंजिन बंद केलं. गारठ्यानं घट्ट झालेलं तेल वर चढत नव्हतं. असंच निघालं तर पुढच्या चढावर इंजिन जाम होणार, आणि तिथे हाकेला ओ द्यायला चिटपाखरू नव्हतं.

मागच्या सीटवरून नणंद म्हणाली, "वहिनी, काय झालं?"

"काही नाही गं. तापतेय गाडी."

तेल पातळ व्हावं म्हणून तिनं दिराला शेगडीतले निखारे परातीत काढून आणायला सांगितलं. नणंदेला आधी खाली उतरवून भिंतीशी उभं केलं, मग परात तिनं इंजिनाच्या तळाखाली सरकवली. नणंद भिंतीला कपाळ टेकून विव्हळत होती. गाडीखालून धूर येऊ लागला. तेवढ्यात तेलाचा एक थेंब गळला आणि भपकन जाळ उठला.

वहिनीनं दाराशी पडलेलं पोतं बादलीत बुचकळलं. दिरानं आडवं पडून काठीनं परात बाहेर ओढली. त्याच्या बाहीचा कोपरा करपला होता. इंजिनाला लागलेली ज्योत वहिनीनं ओल्या पोत्यानं थोपटून विझवली. मग गाडीखाली वाकून तिनं पुन्हा पुन्हा पाहिलं. काही जळत नव्हतं. तरी किल्ली फिरवताना तिनं डोळे मिटून घेतले.

खडखड झाली. डोळे उघडले तेव्हा दिवा लालच होता. मग तो लुकलुकला आणि विझला.

चढ तिनं हळूहळू, इंजिनाचा एकेक आवाज ऐकत काढला. मागे दीर बहिणीचा हात धरून बसला होता. एकदाच म्हणाला, "वहिनी, मी उगीच बोललो."

"आत्ता नको, भाऊजी. रस्ता बघू द्या."

दवाखान्याच्या दारात नणंदेला आत नेलं. दीरही गेला. वहिनी मात्र सीटवरच बसून राहिली, इंजिन चालू ठेवून. काही वेळानं परिचारिका बाहेर आली, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत म्हणाली, आणि गाडी का बंद करत नाही असं विचारलं.

"करते," वहिनी म्हणाली. पण किल्लीपाशी गेलेला हात तिनं परत मांडीवर ठेवला. तेलाचा दिवा पुन्हा लागत नाही ना, हे ती बघत राहिली.