पाठीला पाठ

नव्या गाडीचं पहिलं दर्शन झालं ते दादाच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर, आणि चहा संपायच्या आत तिथे भांडण जुंपलं. पडद्यावर कोणीतरी झगमगीत कापड ओढलं, खालून शर्यतीची गाडी निघाली, आणि मास्तर म्हणाले की ही धुतल्यावर आटलेली दिसते. मास्तर म्हणजे शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. कुठल्याही वस्तूचं माप आपल्याला नुसत्या नजरेनं कळतं, असा त्यांचा समज होता.

गाडी खरंच लहान होती. नव्या नियमांनी तिची रुंदी कापली होती, लांबी कापली होती, आणि तिचे पंख आता हलणार होते. सरळ रस्त्यावर ते आडवे पडायचे, वळण आलं की उभे राहायचे. अर्धी ताकद इंजिनाची, अर्धी बॅटरीची. पुढच्याला गाठायचं असेल तर ड्रायव्हरने बटण दाबायचं, की बॅटरी जास्तीचा जोर देणार. मास्तरांच्या मते खेळ संपला होता, आता फक्त निरोपाची भाषणं बाकी होती. वहिनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, गाडीचा रंग आवडला. तसं ती म्हणाली, तेव्हा मास्तरांनी तिच्याकडे असं बघितलं, की जणू तिने त्यांच्या चित्रावर कप उपडा केला होता.

दादा एवढंच विचारत होता की आवाज कसा आहे. पण टीव्हीवर आवाज कोणी ऐकवत नव्हतं, मागे नुसतं संगीत वाजत होतं.

त्याला आवाजाची चौकशी करायला कारण होतं. ही मंडळी नुसती सोफ्यावर बसून नाकं मुरडणारी नव्हती. शहराबाहेरच्या ट्रॅकवर शर्यत असली की ती नारिंगी कपडे चढवून एका वळणावर उभी राहायची, झेंडे दाखवायला आणि रस्त्यावर पडलेले तुकडे उचलायला. पगार नाही, मिळते ती उन्हाने करपलेली मान. एरवी दादा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि धाकटी शाळेची व्हॅन चालवायची. धाकटी ही त्याची बहीण. चाळिशी ओलांडली तरी तिचं हे नाव काही सुटलं नव्हतं.

वळणावर बहीणभाऊ पाठीला पाठ लावून उभी राहत. तिथली रीतच तशी होती. धाकटीचं तोंड येणाऱ्या गाड्यांकडे, दादाचं पुढे वळणाकडे. मागून कोण येतंय ते तिने सांगायचं, पुढे काही घडलं तर त्याने धोक्याचा पिवळा झेंडा काढायचा. दुसऱ्याच्या बाजूला वळून बघायचं नाही. बघितलं, की आपली बाजू आंधळी झाली. रस्त्यावर उतरायचं काम दादाचं. तुकडे पडायचे ते पुढे वळणात, त्यामुळे तो येणाऱ्या गाड्यांकडे पाठ करूनच धावायचा, आणि धाकटी शिट्टी ओठांत धरून त्याच्यासाठी सरळ रस्ता बघायची. शिट्टी वाजली की हातातलं टाकून कठड्याआड पळायचं.

खरं सांगायचं तर दादाला शिट्टीची गरज कधी लागली नव्हती. त्याचे कान होते. आवाज चढता असला तर गाडी जोरात आहे, आवाज उतरला तर तिने ब्रेक दाबलेत. या हिशेबावर त्याने इतकी वर्षं जीव सोपवला होता आणि हिशेब कधी चुकला नव्हता. शिट्टी वाजेपर्यंत तो कठड्याआत येऊन घाम पुसत असायचा. वर धाकटीला चिडवायचा, की तुझी शिट्टी म्हणजे पाहुणे गेल्यावर टाकलेला चहा.

नव्या गाड्या सरावाला आल्या त्या दिवशी एका हॉस्पिटलच्या लिफ्टने दादाला अडकवून ठेवलं. धाकटी एकटीच गेली. कुंपणाशी ही गर्दी होती. एक जाडजूड गृहस्थ सगळ्यांना सांगत होते की याच्यापेक्षा आमच्या घरचा मिक्सर बरा ओरडतो. शेजारच्या कॉलेजच्या मुली मात्र खूश होत्या, कारण गाड्या चपळ होत्या आणि एकमेकींना सारख्या मागे टाकत होत्या. धाकटीलाही त्या आवडल्या. मास्तरांना हे कळता कामा नये, असं ती मनाशी म्हणाली आणि हसली.

मग दादाला काय ऐकू येईल ते बघावं म्हणून तिने डोळे मिटले.

सरळ रस्त्यावर एक आवाज चढत आला. वळण अजून बरंच लांब असताना तो एकदम खाली बसला, मऊ झाला. गाडीने ब्रेक दाबला, तिच्या मनाने सांगून टाकलं. तिने डोळे उघडले तर गाडी तुफान वेगात समोरून निघून गेली. ड्रायव्हर बॅटरी वाचवायला ॲक्सिलरेटरवरून आधीच पाय उचलत होते. आवाज उतरायचा, वेग जवळजवळ तसाच राहायचा. आणि वळणात, जिथे गाडी खरोखर हळू व्हायची, तिथे इंजिन बॅटरी भरायला केकाटत सुटायचं. सगळं उलटं. तिने पुन्हा डोळे मिटले, पुन्हा फसली. बाकीचे लोक आवाज चांगला की वाईट यावर हमरीतुमरीवर आले होते. हा आवाज खोटं बोलतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना काय, ते कुंपणाबाहेर होते.

त्याच संध्याकाळी तिने दादाला सगळं सांगितलं. त्याने आधी थट्टा केली, मग तो चिडला. धाकट्या बहिणीने आपल्याला कान कसे वापरायचे ते शिकवावं, हे त्याला पचेना. ती म्हणाली की तू या वर्षी रस्त्यावर उतरू नकोस. तो म्हणाला की मग मी काय तिथे गाड्यांना टाटा करायला उभा राहू? विषय तिथेच संपला. निघताना वहिनी तिला जिन्यापर्यंत सोडायला आली. आतलं बोलणं तिने ऐकलं होतं.

"तू त्याच्या पाठीला असतेस ना, म्हणून मी घरी शांत बसू शकते," वहिनी म्हणाली. "नाहीतर मी त्याला हे केव्हाच बंद करायला लावलं असतं."

धाकटी काहीतरी हो-ला-हो म्हणाली आणि जिना उतरली. त्यानंतर तिची झोप उडाली. व्हॅन चालवताना शेजारची गाडी आवाज न करता आली की तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट व्हायचे. मागच्या आरशात ती इतक्यांदा बघायची, की एका चिमुरडीने विचारलं, आपल्या मागे कोणी लागलंय का. डोळे मिटले की तिला दादाची पाठ दिसायची, वाकलेली, रस्त्याच्या मधोमध. दादासाठी ती कधी घाबरली नव्हती असं नाही, पण ही भीती वेगळी होती. ही जेवताना पानावर येऊन बसायची.

शर्यतीच्या दिवशी स्टँडमध्ये कोणीतरी 'आमचा आवाज परत द्या' असं भलंमोठं फडकं लावलं होतं. मास्तरांना ते पाहून भरून आलं. ते त्या वळणाचे प्रमुख, रेडिओ त्यांच्याकडे. दादा सकाळपासून गप्प होता. तो अजून रागावलाय असं धाकटीने धरलं आणि तीही बोलली नाही.

थोड्या फेऱ्या झाल्या आणि वळणात दोन गाड्या घासल्या. एकीच्या पंखाचा हातभर तुकडा तुटून रस्त्याच्या कडेला पडला. मास्तरांनी रेडिओवर विचारलं. उत्तर आलं की शर्यत थांबवायची गरज नाही, घोळका पुढे गेला की मधे जागा आहे, तेवढ्यात उचला. मास्तरांनी पिवळा झेंडा आपल्या हातात घेतला. घोळका गेला. दादा कठडा ओलांडून धावत सुटला.

धाकटीने शिट्टी ओठांत धरली. समोर सरळ रस्ता रिकामा होता. आता कुठलातरी आवाज येईल, उतरेल, आणि तो फसेल. तो पोचला का? वाकला का? उचलला का? तिला राहवेना. एकदाच, असं म्हणून ती वळली.

तुकडा कडेच्या दगडाखाली अडकला होता. दादा दोन्ही हातांनी तो ओढत होता. सोड ना, ती मनात म्हणत होती, सोड आणि ये. तेवढ्यात तिच्या मागे एक आवाज उतरताना ऐकू आला, आणि पापणी लवेपर्यंत तिचाही त्यावर विश्वास बसला. ती गर्रकन फिरली तेव्हा गाडी तिच्या समोर होती. टायर बदलून एकटीच बाहेर पडलेली गाडी. ती शिट्टी फुंकायला गेली, पण फुंकायला श्वासच नव्हता. ड्रायव्हरने स्टिअरिंग फिरवलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं ते कोणी सांगायची गरज नाही. दादाची पँट फडफडली आणि गाडी वळणात ओरडत दिसेनाशी झाली.

मास्तरांची मान रेडिओत खुपसलेली होती. त्या वळणावर धाकटीखेरीज कोणी काही पाहिलं नव्हतं.

दादा तुकडा घेऊन परत आला आणि कठड्याला टेकला.

"वारा लागला मला," तो म्हणाला. "किती लांबून गेली?"

धाकटीने शिट्टी ओठांतून काढली.

"तू म्हणालीस ते खरं होतं," तो म्हणाला. "सकाळपासून ऐकतोय. एक गाडी धड कळत नाही आवाजावरून. म्हणून मी आज कान सोडूनच दिले. शिट्टी नाही म्हणजे रस्ता मोकळा, एवढंच धरून गेलो."

इतकी वर्षं ज्या शिट्टीची त्याने टर उडवली, ती आज पहिल्यांदा त्याने खरी मानली होती, आणि नेमकी आजच ती वाजली नव्हती. त्याचे कान तिनेच काढून घेतले होते आणि बदल्यात काहीच दिलं नव्हतं. लांबून गेली, असं म्हणून टाकता आलं असतं. दोनच शब्द होते. ते जिभेवर आलेही. पण मग पुढच्या वेळीही तो असाच निर्धास्त उतरला असता.

"मी वळले होते, दादा," ती म्हणाली. "तू कुठे पोचलास ते बघायला. रस्त्याकडे माझं लक्षच नव्हतं. हातभर अंतरावरून गेली गाडी."

दादाने तुकडा खाली ठेवला. तळवे पँटला पुसले, पुन्हा पुसले. तो ओरडेल, निदान चार शब्द सुनावेल, म्हणून ती वाट बघत राहिली. तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मास्तर म्हणाले की पुढचा घोळका येतोय, जागा घ्या. दादाने त्यांच्याकडून झेंडा परत घेतला. धाकटी आपल्या जागी सरळ रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. आता तो मास्तरांना सांगेल, हिला हलवा, दुसरं कोणीतरी द्या. सांगायला हवंच होतं त्याने. तिच्या मागे बूट वाजले, थांबले, आणि तिच्या पाठीला त्याची पाठ येऊन टेकली.

पाठ थरथरत होती. ताप भरलेल्या माणसासारखी, मानेपासून कमरेपर्यंत. लहानपणी भिंतीवरून पडून हात मोडला तेव्हासुद्धा दादा घाबरलेला तिने पाहिला नव्हता. आता त्याचा चेहरा कसा झाला असेल, या विचाराने तिची मान आपोआप वळायला लागली.

सरळ रस्त्याच्या टोकाला पहिली गाडी दिसली. तिचा आवाज चढत आला, आणि मग उतरला. धाकटीने मान सरळ केली, शिट्टी ओठांत धरली आणि गाडीवरची नजर हलू दिली नाही.