कागदी बाह्या

मकेलच्या नावाचे अल्बम अकरा होते. त्यांत पानं चारशे अडतीस आणि फोटो एक हजार सातशे सोळा. त्यातल्या बाराशे चार फोटोंत नुसता चेहरा होता, कारण तिच्या आईने, नॉरलीनने, ते गोल, लंबगोल नाहीतर बदामाच्या आकारात कापून चिकटवले होते आणि बाकीची मकेल केराच्या टोपलीत गेली होती. राहिले पाचशे बारा. त्यांपैकी डावा खांदा उघडा दिसायला हवा असे एकोणतीस. तीन फोटोंत ती रांगत होती, एकात केस आडवे आले होते. उरलेल्या पंचवीस फोटोंत खांद्यावर कागद होता.

कागद म्हणजे बाही. पोहण्याच्या कपड्यांना, नाचाच्या पोशाखांना, उन्हाळी बनियनांना नॉरलीनने नक्षीच्या कागदाच्या बाह्या कापून लावल्या होत्या. रंगाला रंग जुळवलेला, काठाला कागदाचीच झालर. नुसतं बघणाऱ्याला वाटावं की पोरीने बाहीचाच कपडा घातला होता. स्पॅनिश फोर्क गावातल्या त्यांच्या चर्चच्या वॉर्डात, म्हणजे तिथल्या मंडळीत, या बाह्यांचं फार कौतुक होतं. बायका आपापले फोटो घेऊन शिकायला यायच्या.

हे सगळं मोजायला मकेलला पावणेतीन तास लागले. तोवर तिने तीनदा उठून पाणी प्यायलं, दोनदा तळघराची खिडकी उघडली आणि दोनदा लावली. लोगनला ती राहायची, तिथून पहाटेच गाडी काढून आली होती. आईला सांगितलं होतं, "अल्बम करायला आलेय." आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रसायनशास्त्र शिकलेली ही पोर आजवर कधी कात्रीला हात लावत नव्हती.

खरं कारण गळपट्टीच्या हाडाच्या टोकाशी, डाव्या खांद्यावर होतं. तीळ. काळपट, एका कडेला जरासा दातेरी. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो भिंगातून पाहिला आणि विचारलं, "हा असाच होता की वाढलाय?" मकेलला सांगता आलं नाही. रोज आरशात दिसणाऱ्या गोष्टीकडे कोण बघतं? "जुने फोटो असतील तर गुरुवारी घेऊन या," बाई म्हणाल्या. "जुना आणि एवढाच असेल, तर लक्ष ठेवू. वाढत आला असेल, तर मी थांबणार नाही, त्याच दिवशी काढू." घरात कुणाला असं काही झालं होतं का, असंही त्यांनी विचारलं. झालं होतं. व्हर्ला आत्या अशाच एका तिळाच्या कॅन्सरने एकतिसाव्या वर्षी गेली होती.

आज मंगळवार होता.

"किती वेळ नुसती पानंच उलटणार गं?" मोठ्या टेबलाच्या पलीकडून सिस्टर ऑस्लर म्हणाल्या. त्या शेजारच्याच; चर्चमधल्या बायका एकमेकींना सिस्टर म्हणत. दर मंगळवारी अल्बमच्या सामानाची आपली चाकांची पेटी ओढत यायच्या आणि संध्याकाळी जेवढं आणलं तेवढंच परत न्यायच्या. पान पुरं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. "नॉरलीन, पोरगी लग्नाच्या अल्बमचा नमुना शोधतेय. मुलगा कोण, ते तेवढं विचार."

"मुलगा नाहीये, सिस्टर ऑस्लर."

"तेवीस पूर्ण झाली ना तुला? माझी लेक तेवीसची असताना दोन लेकरांची आई होती."

"म्हणून तर तिला पेटी घेऊन यायला वेळ मिळत नाही," नॉरलीन म्हणाली आणि लिंबाच्या वड्यांची ताटली पुढे सरकवली. "खा गं मकेल. बोटं पुस आधी. पानांना लोणी लागेल."

मकेलने वडी घेतली आणि तशीच खाली ठेवली. तिचा गुडघा टेबलाखाली सारखा हलत होता. आई मागच्या कपाटातून कागद काढायला वळली, तसा तिने सातवा अल्बम जवळ ओढला. टेबलावर गोंद सोडवायची बाटली होतीच. पेट्रोलसारखा वास, पटकन उडून जाणारं द्रव. ते फोटोच्या रंगाला धक्का लावत नाही, उडालं की गोंद परत धरतो, हे तिला आईपेक्षा चांगलं ठाऊक होतं. तिने पिवळ्या बाहीच्या कडेला चार थेंब सोडले, पातळ पट्टी आत सरकवली आणि बाही उचलली.

खाली भोक होतं.

खांद्याच्या जागी फोटोच नव्हता. बाहीच्या आकाराची खिडकी, आणि तिच्यातून मागचा निळा कागद दिसत होता. मकेलने पान उलटलं. हिरवी बाही. चार थेंब, पट्टी. भोक. मग लाल ठिपक्यांची. तिथेही भोक.

"काय करतेस तू?" नॉरलीन हातातल्या कागदांसकट उभी होती.

"मॉम, याखाली काहीच का नाहीये?"

"काय करतेस म्हणून विचारतेय मी! ती लाल बाही करायला मला अख्खा दिवस लागला होता. झालर बघ, सुईने टोचलीय एकेक."

"खांदा कुठे गेला माझा?"

"खांदा?" नॉरलीनने पान ओढून घेतलं. "बाई, तुला हे आवडत नाही, माहितीये मला. कॉलेजात गेल्यापासून तुला आपलं सगळंच खटकतं. पण आठ वर्षांची होऊन बाप्तिस्मा झाल्यावर उघड्या खांद्याने अल्बममध्ये बसायचं नाही, असं मला वाटत होतं, अजूनही वाटतं. उद्या तुझी मुलं बघतील हे. पटत नसेल तर घरी नेऊ नकोस. फाडायला का आलीस?"

"मी फाडत नाहीये. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"खालचं तर कापलेलंच असणार," मधेच सिस्टर ऑस्लर म्हणाल्या. त्यांना भांडणाचा रोख कळला नव्हता. "थर जाड होऊ नये, अल्बम मिटावा, म्हणून. तूच नाही का शिकवलंस आम्हाला? 'वर काय चिकटवणार ते आधी ठेवा आणि खालचं काढून टाका.' माझ्या बहिणीचा अख्खा नवरा तसा गेला."

एरवी मकेल हसली असती. आता तिने गळ्याशी हात नेला, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि कॉलर बाजूला केली. बोलणं तिने गाडीतच ठरवलं होतं, अगदी शांतपणे सांगायचं म्हणून. पण आवाज मधेच चिरकला. "हा. हा वाढलाय का, ते बघायचंय. गुरुवारी डॉक्टरांना दाखवायचंय. व्हर्ला आत्यासारखा असेल तर..."

नॉरलीन वाकून बघत राहिली. मग तिने हळूच बोट टेकवलं, तापलेल्या तव्याला लावावं तसं, आणि लगेच उचललं.

"मला हा आठवतच नाही," ती म्हणाली. "इतक्या वेळा मी तिथे कागद लावला आणि मला आठवत नाही."

सिस्टर ऑस्लरनी आपल्या ग्लासातला बर्फ हलवला आणि हलवल्याबद्दल ओशाळल्या.

"निगेटिव्ह?" मकेलने विचारलं.

"पाइप फुटला त्या साली गेल्या सगळ्या. याच कोपऱ्यात होत्या." नॉरलीनने खुर्ची ओढली. "सगळे अल्बम इकडे दे."

"बावीस राहिलेत. एकेक सोडवून बघावं लागेल."

"सोडवायला कशाला लागतंय?"

नॉरलीनने चष्मा काढला, डोळे मिटले आणि पहिल्या बाहीवरून मधल्या बोटाचं टोक फिरवलं. कडेपासून मधे, मधून परत कडेला. "ही नाही. मधे खोलगट लागतेय, खाली हवा आहे." पुढचं पान. "ही नाही." पुढचं. "ही पण नाही. ही तर मला कापतानाच आठवतेय." सुरुवातीला, कापायची चटई आणि सुरी घ्यायच्या आधी, ती नुसतंच वरून चिकटवायची. पण पानं वर्षांच्या क्रमाने झाली नव्हती, जो फोटो हाती लागेल तो लावला होता. तारखेवरून काही कळणार नव्हतं. बोटालाच कळणार होतं.

मकेल कागदावर एकेक रेघ मारत होती. नऊ नाही. चौदा नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्यांचं पाणी फवारणारं यंत्र टकटक करत फिरत होतं आणि तिला ते बंद करायला धावत जावंसं वाटत होतं.

"ही," नॉरलीन म्हणाली.

नऊ वर्षांची मकेल, नाचाच्या पोशाखात. बाही निघाली, खाली खांदा सापडला. पण फोटो काढताना ती गिरकी घेत होती. खांद्याचा नुसता गुलाबी फराटा.

सतरा. अठरा. एकोणीस. नॉरलीनने बोट स्कर्टला पुसलं. वीस.

"थांब," ती म्हणाली आणि परत फिरवलं. "ही भरीव आहे. शपथ, ही भरीव आहे."

जुलै १९९७. तलावावर जीवरक्षकाचा वर्ग पुरा केल्याचा दिवस. चौदा वर्षांची मकेल ओल्या केसांनी कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती, खांद्यापर्यंतच, अगदी जवळून. कपड्याच्या डाव्या पट्टीवर पत्र्याचा गोल बिल्ला. नॉरलीनने निळ्या बाहीला बिल्ल्यापुरती बरोब्बर गोल खाच दिली होती, आणि खरा बिल्ला त्याच पानावर प्लास्टिकच्या खिशात ठेवला होता.

मकेलने बाटलीकडे हात केला. "मला दे," नॉरलीन म्हणाली. "तू घाई करतेस. लाल झालरीची काय दशा केलीस बघ." थेंब सोडून तिने मोठ्याने वीसपर्यंत आकडे मोजले. मकेलला ते वीस आकडे दोनशे वाटले. मग पट्टी तिरकी धरून आईने बाही केसाच्या जाडीने, केसाच्या जाडीने उचलली.

तीळ तिथे होता.

"आहे की गं!" सिस्टर ऑस्लर ओरडल्या. "होताच की! झालं तर मग!"

"होता, ते दिसलं. पण किती होता?" मकेल उठली. "डॅडचा स्कॅनर चालू आहे का?"

फोटो पानावरून न सोडवता अख्खं पानच काचेवर ठेवलं. स्कॅनर इतका हळू चालला की सिस्टर ऑस्लरनी मधे दोन वड्या संपवल्या. पडद्यावर मकेलने फोटो मोठा केला, तेव्हा तिचा खांदा वाळूसारखा चौकोनी कणाकणांचा झाला. बिल्ला आणि तीळ अगदी शेजारी, कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्या अंतरावर. म्हणजे बिल्ल्याचंच माप चालणार होतं. तिने खरा बिल्ला प्लास्टिकच्या खिशातून काढून सोबत आणलेल्या मापाच्या चिमट्यात, कॅलिपरमध्ये, धरला. एकतीस पूर्णांक आठ मिलिमीटर. पडद्यावर तोच सहाशे छत्तीस कणांचा भरला.

"इंचात सांग ना गं," नॉरलीन म्हणाली. "मिलिमीटर मला काय कळतंय?"

"एका मिलिमीटरला वीस कण. आता तीळ मोजते. तीनदा मोजते, बोलू नकोस." तिळाची कड पुसट होती. तिने एकदा आतल्या बाजूने मोजलं, एकदा बाहेरच्या, एकदा मधून. "अर्ध्या मिलिमीटरची चूक होऊ शकते, तेवढी धरायची. त्याच्या आतला फरक म्हणजे वाढ नव्हे." तिन्हींची सरासरी एकशे सोळा आली. तिने कागदावर भागाकार केला, खोडला आणि पुन्हा केला. पुन्हा तेच आलं.

"आता आजचा," ती म्हणाली. "मला माझा मोजता येत नाही, मान वळली की कातडी ताणते. तू मोज. चिमटा दाबू नकोस. नुसता टेकव आणि आकडा वाच."

नॉरलीनने चष्मा लावला. मकेल खुर्चीवर ताठ बसली, हात मांडीखाली दाबून. आईचा श्वास तिच्या गळ्याला लागत होता. थंडगार धातू टेकला, उचलला, टेकला, उचलला, पुन्हा टेकला. तिन्ही वेळा नॉरलीनने आकडा मनातच वाचला.

"मॉम, सांग ना!"

"थांब. मला नीट लिहू दे."

तिने फोटोखाली मोकळ्या राहिलेल्या जागेत काळ्या पेनने आपल्या गोल अक्षरांत लिहिलं, ज्या हाताने ती इतकी वर्षं प्रत्येक फोटोखाली लिहीत आली होती, त्याच हाताने. आधी मकेलने काढलेला आकडा, त्याच्याखाली आपला:

जुलै १९९७: ५.८ मिलिमीटर.
मे २००६: ६.१ मिलिमीटर.