वजनकाट्यावरचे आगंतुक

"अहो ताई, तो कॉम्प्युटर उठतोय की आम्हीच झोपू इथे?" खिडकीत डोकं घालून ट्रकवाल्याने विचारले.

"उठतोय हो. म्हातारा जीव आहे, जरा धीर धरा," ती म्हणाली. बोलून गेल्यावर लक्षात आले, हे तर आईचे वाक्य.

आईला जाऊन महिनाही झाला नव्हता. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे तिचे दुकान आता लेकीच्या अंगावर आले होते. वजनकाटा हे दुकानाचे सर्वांत जुने गिऱ्हाईक; इथे आईला सगळे बाई म्हणायचे. काट्याचा प्रोग्रॅम जुन्या सिस्टिमवरच चालायचा आणि ती सिस्टिम आता धापा टाकत होती.

"दुपारपर्यंत बघ," काट्याच्या मालकाने बजावले होते. "नाहीतर कंपनीवाल्यांना बोलावतो. तुझ्या आईची गोष्ट वेगळी होती."

कॉम्प्युटर सुरू होताच न बोलावता येऊन बसणाऱ्या प्रोग्रॅमना आई आगंतुक म्हणायची. इथे तर पंगतच बसली होती. कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस, एकमेकांवर गुरगुरणारे दोन अँटिव्हायरस, कुणी हौसेने टाकलेला हवामानवाला. तिने सरसकट सगळ्यांना घालवले. यंत्र पुन्हा सुरू केले, तर ते ताडकन उठले.

"पोरगा झाला की हा!" काटेवाले काका हरखले.

ट्रक काट्यावर चढला. पडद्यावर शून्य.

"रिकामाच आणलास का रे?"

"वाळू आहे काका, कापूस नाही!"

मालक दारात येऊन उभा राहिला होता. तिने घालवलेल्यांची नावे एकेक करून पुन्हा वाचली. एकाला धड नावच नव्हते, नुसती अक्षरे आणि आकडे. काट्याचे वजन पडद्यापर्यंत आणणारा तोच.

"घरच्याच माणसाला हाकललं मी," ती पुटपुटली. त्याला परत आणले. आकडा झरझर चढला आणि स्थिरावला.

"काय झालं होतं?" मालकाने विचारले.

"माझी चूक. निस्तरली."

ट्रक खाली उतरला. ती पिशवी उचलू लागली, तसे काका म्हणाले, "अशी कशी निघालीस? बाई आधी स्वतः उभ्या राहून बघायच्या."

ती बाहेर गेली आणि त्या लांबरुंद लोखंडी पत्र्याच्या मधोमध उभी राहिली.

"साठ!" काका आतून ओरडले. मग जरा हळू, "त्यांचंही साठच यायचं. वीस-वीस किलोनेच मोजतो हा काटा."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मालकाने हात वर करून त्याला अडवले.

"थांब जरा," तो म्हणाला. "बाई काट्यावर आहेत."