भोंग्यासकट मैफल

“त्या पुराच्या भोंग्याशी खेळू नका गो. तो वाजला की माझे पाय आपसूक माळा चढतात,” असं शेजारच्या बयाआजींनी मला डिसेंबरातच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. मी, जी लेकीच्या, ईराच्या पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा दोनदा तपासते!

माझा दीर आमोद पुण्यात लॅपटॉपवर संगीत करतो. महाडमधली त्याची ही पहिलीच मैफल, तीही आमच्याच आळीतल्या हॉलमध्ये. तबला नाही, पेटी नाही. इथूनच टिपून नेलेले आवाज. जवळच्या नाते गावातली भातगिरणी, आंबेनळी घाटात धापा टाकणारी एसटी. लोक आधी एकमेकांची तोंडं बघत होते, मग माना डोलवू लागले. माझी तीन वर्षांची ईरा तर गिरणीच्या ठेक्यावर नाचायलाच लागली.

आणि भोंगा वाजला. आमोदने तो ताणून, घुमवून फार सुरेख केला होता म्हणे. पण ऐकायला बसलंय कोण? अख्खा हॉल उठला. पहिल्या रांगेतले कापडवाले सहदेवकाका ओरडले, “गाड्या उंचावर काढा रे!” मीही ईराला काखोटीला मारून दार गाठलं होतं.

“अहो वहिनी, जानेवारी आहे!” आमोद माइकवरून काकुळतीला आला.

मग हशाच हशा. सहदेवकाका खुर्चीत टेकत म्हणाले, “परत लाव रे. आता बसून ऐकतो.”

मला मात्र बयाआजी आठवल्या. हॉलपासून तिसरं घर. धावत गेले, तर आजी शिडी चढून माळ्यावर बसलेल्या. शेजारी तांदळाचा डबा आणि आमच्या पायरीवरची ईराची तीनचाकी.

“पोरीची सायकल आधी उचलली, मग तांदूळ. पाणी कुठवर आलंय गो?”

“पाणी नाय आजी, आमोदचं संगीत आहे!”

“हे संगीत? मग पोरगा जोरात हाय!”

चढल्या एकट्या, उतरवायला सहदेवकाकांसकट चौघं लागले.

आता लोकांच्याच आग्रहाने येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला मैफल पुन्हा आहे, भोंग्यासकट. मी नेमकी माहेरी, पोलादपूरला असेन. आजींना तीनदा सांगून ठेवलंय, पण त्यांच्या पायांना कोण सांगणार? तेव्हा आळीत कुणी असाल, तर सहाच्या आधी बयाआजींकडे एकदा डोकावा. आणि शिडी तेवढी धरून ठेवा.