धुतलेल्या पेट्रीडिश

धानावरच्या करप्याच्या बुरशीला थोपवणारा जिवाणू शोधायचा म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या रुचिकानं आंबागडच्या बांध्यांमधली, म्हणजे धानाच्या खाचरांमधली, माती तिथल्या प्रयोगशाळेत आणली होती. ज्योतीवर तार लाल करायची, थंड होऊ द्यायची, मग बुरशी वाढत असलेल्या पेट्रीडिशमध्ये त्या मातीतल्या जिवाणूंची हलकी रेघ ओढायची. वर्षभर बुरशीच जिंकत आली. शेवटी एका डिशमध्ये ती जिवाणूपासून दूरच थबकली. त्या शनिवारी रुचिका हसतच सिहोऱ्याला घरी गेली.

सोमवारी कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती. रुचिका पोचली तेव्हा इनक्युबेटर रिकामा होता आणि त्या एका डिशसकट साऱ्या डिश टेबलावर धुऊन मांडल्या होत्या.

"सर, हे काय केलं?"

"अवं, बुरशी लागली होती साऱ्याईले, वास येऊन राहिला होता," विभागप्रमुख तुरकर सर म्हणाले. "काल मीच उभा राहून धुवून घेतल्या. समितीले घाण दाखवाची का?"

"थे बुरशी मीच लावली होती, सर."

"मंग पुन्हा लाव. रडतेस कायले?"

समितीनं स्वच्छतेची तारीफ केली. फोटोसाठी सरांनी रुचिकाच्या हातात रिकामी डिश दिली. तिची नोकरी कंत्राटी होती. ती फोटोला उभी राहिली.

फोटो पेपरात आला. तिचे बाबा, मधुकरराव, तो गावभर दाखवत फिरले. "पोरीनं शोध लावला," असं सांगू लागले. रुचिकानं त्यांना अडवलं नाही. प्रयोगशाळेची किल्ली मात्र तिनं सरांना परत केली आणि पुढे फक्त तास घ्यायला जाऊ लागली.