कसाव्याचा बांध

भिवाजीआबांच्या कसाव्याच्या पानांवरचे तपकिरी ठिपके पहिल्यांदा मला दिसले. उरवड्यात आम्ही त्यांच्याकडे भाड्याने राहतो. नवरा कारखान्यात गेला की किमयाला कडेवर घेऊन मी खोलीमागच्या रानात फेऱ्या मारायचे. तेरा महिन्यांच्या पोरीच्या अंगावरचा एकेक फोड मोजायची सवय, त्यात पानंही मोजली जायची.

"आबा, काल सात ठिपके होते. आज अकरा आहेत."

"सायले, तू डाससुदिक मोजीत असशील," आबांच्या पत्नी गोजराआजी ओट्यावरून म्हणाल्या.

आबा हसले नाहीत. ते तीन गुंठे त्यांनी पोराकडून, रोहितकडून, एका वर्षाच्या बोलीवर मागून घेतले होते. रोहितला तिथे भाड्याच्या चार खोल्या काढायच्या होत्या. भाताची लावणी आता आबांच्या कंबरेला झेपत नव्हती. रोहितच्याच कारखान्यातल्या केरळच्या सुपरवायझरने कसाव्याच्या कांड्या आणून दिल्या. ज्याचा साबुदाणा होतो, तोच हा कंद. पीक आलं तर रान आबांचं, नाही आलं तर खोल्या.

ठिपके बघून रोहित म्हणाला, "रोग पडला न्हवं? मी सांगत हुतो."

मी माझी मैत्रीण अपेक्षा हिला फोटो पाठवले. ती शेतकी कॉलेजात शिकलेली. लगेच तिचा फोन आला.

"ही बुरशीच आहे, पण पानावरची. जुनी पानं काढून टाका, झाड मरत नाही त्याने. मुळं बघितलीस का? पाणी साचतं का तिथे?"

साचतं कसलं, साचवलेलं होतं! जन्मभर भात केलेल्या माणसाने कसाव्यालाही खाचरासारखा चारी बाजूंनी बांध घातला होता. खालच्या अंगाला घोटाभर पाणी उभं. दोन महिने मी ते रोज बघत होते, किमयाला त्यातले बेडूक दाखवत होते. माझं सगळं लक्ष पानांवर.

आबांनी खालच्या ओळीतलं एक झाड उपटलं. कंदाची साल हातातच निसटली. आत काळपट, मऊ, आणि आंबलेला वास.

"आबा, बांध फोडावा लागेल."

"भादव्यात पानी सोडू? खुळी का काय तू? हितं पान्यावरनं डोकी फुटल्यात. अन् मी आपल्या हातानं सोडू? गाव हसंल मला."

मग आजीच ओट्यावरून उतरल्या.

"अवो, पोराचा लंगोट दिसभर वला ठिवला तर कुल्ले सोलपटत्यात का न्हाई? मुळांचं बी तसंच. उचला फावडं!"

आबांनी रस्त्याकडे एकदा बघून घेतलं आणि भर दुपारी बांधाला फावडं घातलं. पाणी ओढ्याकडे निघालं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. कुजलेली एकोणीस झाडं आम्ही उपटली आणि वाळवून दूर नेऊन जाळली. वरची चाळीस राहिली. ती जगतात की नाही या धास्तीने मी महिनाभर रोज एकाचा बुंधा उकरून बघायचे. शेवटी आबा ओरडले, "त्येला वाढू दे की जरा!"

शिवरात्रीला कंद काढले. एकेका झाडाला हातभर लांब, पांढरेशुभ्र. उपासाला चालतात का, असं मी विचारलं.

"साबुदाना चालतो, मग त्येची आय न चालायला काय झालं?" आजी म्हणाल्या.

कच्चा कंद विषारी असतो हे मी वाचलं होतं. म्हणून साल जाडच काढली, भरपूर पाण्यात मऊ होईस्तोवर शिजवला, पाणी फेकून दिलं आणि आधी स्वतः खाल्ला. दुसऱ्या दिवशी किमयाला भरवला. तासभर तिच्या तोंडाकडे बघत बसले. तिने वाटी पुढे केली.

रोहितने दोनदा वाढून घेतलं. हात धुतले, टेप घेऊन मागे गेला आणि बऱ्याच वेळाने आला.

"आबा, रान तुमचंच. खोल्या रानाबाहेर, वरच्या खडकावर काढतो. दोनच."

आबा पुढच्या लावणीसाठी कांड्या निवडायला बसले आणि मला हाक मारली. डाग असलेली, मऊ लागणारी एकेक कांडी मी बाजूला टाकत गेले. निम्म्या तरी टाकल्या असतील.

"हिच्या लेकीला नवरा मिळायचा न्हाई," आजी म्हणाल्या.

"आजून टाक," आबा म्हणाले, आणि दुसरा भारा माझ्यापुढे सरकवला.