दिव्याचं टोपडं

आंधळ्या वळणाच्या तोंडाशी माझं पंक्चरचं दुकान आहे. कठड्याला घासलेल्या गाड्या माझ्याकडेच यायच्या, म्हणून लोक म्हणायचे, वळण हिला पोसतं. थू असल्या पोसण्यावर! त्याच वळणानं माझा बाप गिळला. आता भाऊ शाळेची बस घेऊन रोज तिथूनच जातो, आणि बस वळण पार करेपर्यंत माझ्या हातातला पाना हलत नाही.

कचेरीचे उंबरे झिजवले, भांडले, साहेबाच्या गाडीपुढं टायर टाकून बसले. तेव्हा कुठं वळणाच्या दोन्ही बाजूंना सौर दिवे लागले. पलीकडून गाडी आली की अलीकडचा लुकलुकणार, अलीकडून गेली की पलीकडचा. थोडे दिवस झकास चालले. मग दोन्ही विझले.

लगेच साहेब ट्रक घेऊन हजर. "बाई, इथं ऊन पुरत नाही. दिवे काढून दुसऱ्या रस्त्याला लावतो."

"माणसं मरत होती तेव्हा तुमचा ट्रक पंक्चर होता काय? आज बरा धावत आला!"

"शिव्या देऊन दिवा लागतो का?"

"शिव्या दिल्या म्हणूनच तर लागला होता!"

साहेबाबरोबर आलेला फिटर फिदीफिदी हसला, शिडी लावून वर चढला आणि तिथूनच ओरडला, "साहेब, ह्याला कुणीतरी टोपडं घातलंय!"

खांबाच्या टोकावरच्या काळ्या पाटीवर फुलाफुलांचं कापड. चारी कोपऱ्यांना नाड्या, गाठी पक्क्या. खालून काही दिसतच नव्हतं. कापड मी ओळखलं. माझा जुना परकर!

आमच्या आईला नव्या वस्तूवर धूळ खपत नाही. मिक्सरला झगा, टीव्हीला झगा, रिमोट अजून पिशवीत.

"आई!"

"ओरडतेस काय?" आई दुकानातून बाहेर आली. "केबलची तार ओढायला तारवाला खांबांवर चढलाच होता, त्याच्याकडून दोन्ही बांधून घेतली. नवी वस्तू उघडी टाकतात का? खराब झाली, बंद पडली, आणि नेमकी तुझ्या भावाची बस..."

"अगं, ती पाटी ऊन खाते! तू तिचं तोंडच बांधलंस!"

"मला काय स्वप्न पडलं? दिवा खाली आहे. दिव्याला मी बोट लावलेलं नाही!"

साहेब पोट धरून हसला. मी म्हटलं, "हसून घ्या. पण आजचं ऊन तिला पिऊ द्या. संध्याकाळी नाही लागला, तर काढायला शिडी मी धरते."

दोन्ही टोपडी उतरली. ट्रक पुढच्या कामावर गेला.

संध्याकाळी धुकं उतरलं. भावाची बस आली, आतून पोरांचा कालवा. आणि माझ्या डोळ्यांदेखत खांबावरचा पिवळा दिवा लुकलुकला. पुन्हा. पुन्हा! भावानं ब्रेक दाबला, बस कडेला घेतली. वळणातून रांगत बाहेर आला तो साहेबाचाच ट्रक.

साहेब उतरला. तोंडावरचं हसू पुसलेलं. "पलीकडचाही लुकलुकला," म्हणाला. "नाहीतर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरून पायच काढत नव्हता."

"मग? धरू शिडी?"

"धरा." तो फिटरकडे वळला. "चढ. आणि सगळे नट आणखी आवळ."

"फडकं तरी मारू दे रे त्याला!" आई म्हणाली.

भावानं लांबलचक हॉर्न दिला, पोरांनी खिडक्यांतून आरोळ्या ठोकल्या. बस वळणात शिरली.

मी पाना उचलला आणि कामाला लागले. वळणाकडं बघितलंसुद्धा नाही.